घडीत गेलेला नाला

काकांना पत्ता विचारायचा नाही, हे ग्वाल्हेरच्या शिंदे की छावनीत पोरासोरांनाही ठाऊक होतं. विचारलात की गेला तुमचा अर्धा तास. कुरिअरवाला बिचारा पाकीट हातात धरून दारात उभा असायचा आणि काका त्याला सांगत असायचे, "इथून उत्तरेला जा, उतार लागेल. उतार संपला की नदी. नदी ओलांडली की डाव्या हाताला."

"बाबूजी, यहाँ नदी कहाँ है?" असं तो म्हणाला की संपलंच. काका त्याला आत बोलावणार, खुर्चीवर बसवणार, पाणी देणार आणि सगळं ग्वाल्हेर समजावणार. एकदा दूधवाल्याला धरला. "तुझ्या घरून आमच्या उंबऱ्यापर्यंत तू रोज एकोणीस फूट चढून येतोस, माहीत आहे?" दूधवाला म्हणाला, "तभी तो घुटने दुखते हैं बाबूजी!" आणि दुसऱ्या दिवसापासून गल्लीच्या तोंडाशीच हाका मारायला लागला. आम्ही सगळे भांडी घेऊन खाली. मी तर काकांना चांगलंच ऐकवलं.

आम्ही त्यांच्या वरच्या मजल्यावर नऊ वर्षं भाड्यानं होतो. मी, आमचे हे आणि आमची लेक. काका खाली एकटेच. काकू आधीच गेलेल्या, मुलगा नोएडाला नोकरीत. काकांची सगळी हयात एका सरकारी कचेरीत नकाशे काढण्यात गेली होती. गल्लीत त्यांना 'नक्शेवाले बाबूजी' म्हणत.

नवीन वस्त्यांचं त्यांना वावडंच होतं. कुणी पाहुणा म्हणाला की आम्ही आता अमुक विहारला राहतो, तर काका चष्म्यावरून बघत विचारायचे, "म्हणजे कुठे? नकाशात नाही." आणि कुठेही गेले तरी एकच पालुपद, "आधी उतार बघावा." लग्नाच्या पंगतीत बसतानासुद्धा! एकदा मी चिडून म्हटलं, "काका, जेवायला आलोय, धरण बांधायला नाही." तर हसले आणि पान उचलून दुसरीकडे जाऊन बसले. थोड्या वेळानं वाढप्याच्या हातून मठ्ठ्याचं पातेलं कलंडलं, ते सगळं मी बसले होते तिकडेच आलं. माझी पैठणी गेली. काका लांबून नुसते बघत होते.

लिंबाची गोष्ट तर अजून लोक सांगतात. काकांच्या खिशात कायम एक लिंबू असे. नव्या घरात गेले की फरशीवर ते ठेवायचं आणि कुठे घरंगळतं ते बघायचं. त्यांच्या एका चुलत पुतण्यानं नवा फ्लॅट घेतला आणि गणपतीला सगळ्यांना आरतीला बोलावलं. आम्हीही गेलो होतो. आरती संपली, पुतण्याची बायको प्रसाद वाटत होती आणि तिला दिसलं की गणपतीसमोर, हॉलच्या मधोमध, एक लिंबू. ती जी किंचाळली! "हा टोटका कुणी केला?" लिंबू तोवर सोफ्याखाली गेलेलं आणि काका सत्तरीत चार पायांवर रांगत त्याच्यामागे. बाहेर आले ते केसांत जाळी घेऊन आणि म्हणाले, "पाऊण इंच, ईशान्येला." त्या घरचं बोलावणं पुन्हा कधी आलं नाही. आम्ही रिक्षात हसून हसून बेजार. काका मात्र गंभीर होते. म्हणाले, "पाणी कुठे जाईल ते माणसाला माहीत नको का, बेटा?"

आणि तो नकाशा.

संस्थानच्या काळात कुणीतरी साऱ्या शहराची मोजणी करून काढलेला. पलंगावरच्या चादरीएवढा. काळ्या शाईत घरं, गिरण्या आणि त्यांच्यापर्यंत गेलेले रूळ. तांबड्यात रस्ते. निळ्यात पाणी. आणि सगळीकडून वेटोळी घेत गेलेल्या बारीक तपकिरी रेषा. एक रेषा म्हणजे एक उंची, असं काकांनी मला शिकवलं. रेषा दाटल्या की चढ, विरळ झाल्या की सपाटी, आणि आत वाकल्या की तिथे ओघळ. घडी घालता यावी म्हणून त्या काळी कागदाचे चौकोन कापून ते कापडावर चिकटवायचे आणि दोन चौकोनांमध्ये नखाएवढी फट सोडायची. या नकाशाचे तसे सोळा चौकोन होते. कचेरीनं तो रद्दीत काढला, तेव्हा काकांनी घरी आणला.

रविवारी सकाळी हात साबणानं धुऊन तो टेबलावर पसरायचा. चहाला बंदी. माझ्या लेकीला मात्र भिंग मिळायचं. ती आठ-नऊ वर्षांची असेल. "काका, ये क्या है? हे छोटे-छोटे डब्बे?" की काका सुरू. गिरणीचं धुराडं, तिचा भोंगा, भोंग्यावर घड्याळ लावणारा सगळा लश्कर भाग. काकांचे वडील गिरणीत कारकून. ज्या दिवशी ज्या रंगाचं कापड, त्या दिवशी त्या रंगाचं पाणी नाल्यातून नदीत उतरायचं. काका लहानपणी शाळेतून येताना पाणी बघून सांगायचे, आज वडिलांच्या सदऱ्यावर कुठले शिंतोडे असतील.

त्या नदीला आता सगळे नालाच म्हणतात. सिमेंटचा काठ, काळं पाणी, वर प्लॅस्टिक. मी एकदा काकांना स्कूटरवरून टोपी बाजारात नेत होते. पुलावर मी ओढणीनं नाक दाबलं तर मागून म्हणाले, "आजारी माणसासमोर नाक दाबतेस?" मला इतका राग आला! नाकाला वास येतो तर दाबू नको? पण ओढणी सोडली खरी.

असं सगळं चाललेलं. भाडेकरू-मालक असं काही राहिलंच नव्हतं. मी भाजी केली की वाटी खाली जायची. माझा ताप त्यांनी उतरवला, त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मी करवून आणलं. मग आम्ही प्लॉट घ्यायचं ठरवलं.

थाटीपुरच्या पुढे, मुरारच्या अंगाला, एक कॉलनी उठत होती. चारेकशे घरं झालेली, आणखी होत होती. दलाल म्हणाला, "मैडम, पत्थर जैसी ज़मीन है। नक्शा पास है, देख लीजिए।" त्यानं मंजूर नकाशाची नक्कल दाखवली. सगळं सपाट, कोरडं, सरळ रस्ते. मी पेढे घेऊन खाली गेले. काकांनी पेढा हातात घेतला आणि विचारलं, "नेमकं कुठे?" मी सांगितलं. दिवस बुधवारचा, पण त्यांनी नकाशा काढला. बोट फिरवत फिरवत एका घडीवर आणलं आणि तिथेच ठेवलं. पेढा तसाच दुसऱ्या हातात.

"तिथे घेऊ नको."

"का?"

"नको म्हणतो ना, बेटा."

"अहो पण का? पाणी आहे तिथे? नकाशात तर काही दिसत नाही. तुमच्या नाही, त्यांच्याही नाही."

मी तीनदा विचारलं. आमच्या ह्यांनी विचारलं. काका नकाशाकडे बघत राहिले. माझं डोकं सटकलं. आयुष्यभर पै-पै करून माणूस घर घ्यायला निघतो आणि हे कारणही सांगत नाहीत! मी म्हटलं, "काका, स्पष्टच बोलते. आम्ही जायला नको आहोत तुम्हाला. एकटे पडाल म्हणून हे चाललंय." आमचे हे मला गप्प करत होते, पण तोंडातून गेलं ते गेलं. काकांनी नकाशा मिटला. नऊ वर्षांत पहिल्यांदाच त्यांची घडी चुकली, उलटी पडली.

आम्ही घर बांधलं. वास्तुशांतीला काका आले नाहीत. नारळ आणि साडी पाठवली. मी त्यांना फोन केला नाही, त्यांनीही नाही. थोडे दिवस मला रुखरुख लागली. मग गेली.

दुसऱ्या वर्षी भाद्रपदात चार दिवस झड लागली होती. पाचव्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात गेले तर फरशी पायाखाली हलली. मला वाटलं, चक्कर आली. खाली वाकून बघते तर दोन फरशांच्या सांध्यातून पाणी येत होतं. दारातून आलं असतं तर पावसाला शिव्या घातल्या असत्या. हे खालून येत होतं, शांतपणे, मातीच्या रंगाचं. दुपारपर्यंत चार फरशा उचलल्या गेल्या. आठवड्याभरात मागची भिंत खचली. लेकीचं अभ्यासाचं टेबल त्या भिंतीला लागून होतं. भेगेत माझा हात मनगटापर्यंत गेला. ठेकेदार म्हणाला, "सीलन है मैडम, भरवा देंगे।" नुसती ओल म्हणे! मी त्याच्या अंगावर धावलेच.

आणि मग मी काकांकडे गेले. भांडायलाच गेले होते खरं तर. कुणाशी तरी भांडायचं होतं.

काकांनी दार उघडलं, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाले, "आलं ना पाणी?"

ते आत गेले, नकाशा आणला, पसरला, हात धुतले नाहीत. भिंग माझ्या हातात दिलं. "घडीत बघ," म्हणाले. दोन चौकोनांच्या मधल्या फटीत नुसतं कापड होतं. पण वरच्या चौकोनाच्या झिजलेल्या कडेला, भिंगातून, निळ्याचे कण दिसत होते. तीळभर इथे, तीळभर तिथे. दोन्ही बाजूंच्या तपकिरी रेषा त्या फटीकडे आत वाकलेल्या.

"नाला होता," काका म्हणाले. "अख्खा घडीतून गेलेला. एका टोकाला घडीचा कोपरा फाटून भोक पडलेलं, दुसऱ्या टोकाला नदीच. घडी घालून-उघडून कागदाच्या कडा गेल्या, त्यांच्याबरोबर तोही गेला."

मग त्यांनी सांगितलं. मी खुर्चीत बसून ऐकत होते. पस्तीस वर्षांपूर्वी कचेरीनं याच नकाशाची नक्कल करायला दिली होती. ती केली काकांनी. तेव्हा तिशीत होते. नक्कल करताना मूळ नकाशावर पारदर्शक कापड ठेवायचं आणि घडीची फट आली की कापड सरकवून दोन्ही कडा जुळवायच्या, नाहीतर शहर उगाच लांब होतं. एका रंगाचं काम संपलं की साहेब तपासणार, सही करणार, मग दुसरा रंग. काळं झालं, तांबडं झालं, निळं झालं, सही झाली. शेवटी तपकिरी. तपकिरी काढताना काकांच्या लक्षात आलं, रेषा दोन्हीकडून आत वळताहेत. इथे पाणी पाहिजे.

"मग?"

"निळी शाई धुऊन ठेवली होती."

मला कळेचना. "म्हणजे?"

"निळ्यावर सही झाली होती, बेटा. परत उघडायचं तर साहेबांना सांगावं लागलं असतं, माझी चूक झाली म्हणून. बढतीची यादी निघायची होती. मी म्हटलं, शेतच तर आहे तिथे."

"आणि नंतर?"

"नंतर चार घरं झाली. म्हटलं, चारच आहेत. मग चाळीस झाली. मग म्हटलं, आता सांगून काय उपयोग. पुढचे सगळे मंजूर नकाशे माझ्याच नकलेवरून निघालेत. दलालानं तुला दाखवला, तोही."

देवा रे! नऊ वर्षं मी ज्या माणसाला ताटातलं वाढलं, ज्याला माझी लेक काका म्हणून बिलगायची, तो माणूस माझ्यासमोर बसून शांतपणे हे सांगत होता. मी ओरडलेच, "मला का नाही सांगितलंत? पेढे घेऊन आले होते मी!"

"सांगितलं की. घेऊ नको म्हटलं."

"कारण नाही सांगितलं!"

"कारण सांगितलं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं."

मी रडले. ते रडले नाहीत. ते उठले आणि कपाटातून एक कागद आणला. कचेरीच्या नावे अर्ज. काय अक्षर! छापल्यासारखं. नकलेत माझ्या हातून नाला राहून गेला आहे, तो अमुक घडीत असून अमुक दिशेनं वाहतो, त्यावर वस्ती झाली आहे, मूळ नकाशा सोबत जोडत आहे. खाली सही. तारखेची जागा रिकामी. "उद्या माझ्याबरोबर चल," म्हणाले. "एकट्यानं गेलो तर म्हातारा बरळतो म्हणतील. तुझं घर आहे तिथे. तुझं ऐकतील."

आता जे सांगते ते मी आजवर आमच्या ह्यांच्याशीही बोललेले नाही. त्यांना वाटतं, काकांनीच अर्ज द्यायचं टाळलं.

मी डोळे पुसले आणि म्हटलं, "काका, थांबा जरा. हे बाहेर आलं तर आमचं घर कुणी घेईल का? आमचं विकलं जाऊ द्या, मग द्या."

काकांनी माझ्याकडे असं बघितलं की ती नजर मला अजून सहन होत नाही. राग नव्हता त्यात. ओळखीचं कुणी भेटल्यासारखं बघितलं त्यांनी. मग म्हणाले, "बरं. झालं की सांग."

भिंत भरून घेतली, फरशी नवी घातली, वर रंग. दिवाळीनंतर घर विकलं गेलं. घेणारी एक नर्स, तिचा नवरा, अंथरुणाला खिळलेले सासरे आणि तीन वर्षांची मुलगी. त्यांनी पाण्याचं विचारलं ते दलालाला. मी तिथेच बसले होते, चहा गाळत. दलालानं 'पत्थर जैसी ज़मीन है' सांगितलं आणि मी कप पुढे केले.

रजिस्ट्री झाली. पंधरा दिवसांनी काकांचा फोन. "झालं का, बेटा?" मी म्हटलं, अजून नाही. लगेच अर्ज गेला असता तर ते लोक दारात आले असते ना! म्हटलं, थोडे महिने जाऊ देत. संक्रांतीला तीळगूळ द्यायला गेले, पुन्हा विचारलं. मी म्हटलं, चाललंय, गिऱ्हाईक येतंय-जातंय. होळीच्या सुमारास त्यांना बोलताना दम लागायला लागला होता. तरी तोच प्रश्न. तेच उत्तर दिलं मी. चैत्रात काका गेले. तेराव्याला त्यांच्या मुलानं मला बाजूला बोलावून पाकीट दिलं. "बाबा म्हणाले, हे तुमच्याच हातात द्यायचं. इसकी तारीख वो डालेंगी, म्हणाले." त्याला आत काय आहे ते माहीत नव्हतं. नकाशाही त्यानं मलाच दिला. त्याला नोएडात ठेवायला जागा नव्हती.

आम्ही आता तिसऱ्या मजल्यावर फ्लॅटमध्ये राहतो.

गेल्या आठवड्यात दुपारी बाराच्या सुमारास त्या नर्सचा फोन आला. मी वरण शिजवत होते. आवाज घाबरलेला. "दीदी, माफ कीजिए, परेशान कर रही हूँ। ससुरजी के पलंग के नीचे फ़र्श उठ गया है। पानी नीचे से आ रहा है, दीदी। आपके टाइम में कभी ऐसा हुआ था क्या?"

काकांनी पस्तीस वर्षं कशी काढली असतील याचा मी फार विचार केला होता. रात्ररात्र केला होता. अशा गोष्टीला माणूस दगडाचा लागत असेल, असंच मला वाटायचं.

"नहीं तो," मी म्हटलं. "हमारे टाइम में तो बिल्कुल सूखा था।"

आवाज जरासुद्धा कापला नाही माझा. ती म्हणाली, "अच्छा दीदी, थैंक्यू," आणि मी वरणात मीठ घातलं.